विमानाच्या आधी पोचलेली

१

तिसऱ्या मजल्यावर येऊन नर्सने पर्समध्ये किल्ली शोधायला हात घातला आणि तिला ती शांतता जाणवली. रोज दाराबाहेर असतानाच आतल्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू यायची. आज जिन्यात तिच्याच श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

तिने दार उघडलं. बाई त्यांच्या आरामखुर्चीत होत्या. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून दिवसासुद्धा त्या खुर्चीतच झोपायच्या. मान एका बाजूला कललेली, नळी नाकाला लावलेली, हात मांडीवर. नळीतून मात्र काहीच येत नव्हतं. वीज गेलेली नव्हती, टेबलावरचा दिवा चालू होता. मशीनचं बटण तेवढं कोणीतरी दाबून बंद केलं होतं.

नर्सने मशीन चालू केलं, बाईंना हाका मारल्या, छाती दाबून पाहिली. हात केव्हाचे गार पडले होते. मग तिला दिसलं की बाईंच्या अंगावर शाल नाही. जाताना तिने स्वतः ती चारी बाजूंनी नीट खोचली होती. आता ती समोरच्या खिडकीजवळच्या दिवाणावर पडलेली होती, कोणीतरी अंगावरून बाजूला सारावी तशी.

तिने बाईंच्या मुलाला दुकानात फोन केला. तो धावतपळत आला, आईच्या पायाशी बसला, तिची पावलं हातात धरून राहिला. नंतर वर बघून त्याने एकच प्रश्न विचारला.

"मशीन कोणी बंद केलं?"

आणि तो प्रश्न विचारताना तो नर्सच्याच तोंडाकडे बघत होता.

२

तपासाला जे अधिकारी आले त्यांना ठाण्यात सगळे 'सावकाश' म्हणायचे. त्यांच्या समोर म्हणायचे नाहीत, पण त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. गुडघा दुखायचा म्हणून जिने सावकाश चढायचे, आणि माणसांचं बोलणंही त्याच चालीने ऐकायचे. समोरचा थांबला तरी हे थांबलेलेच असायचे, मग समोरच्याला आणखी काहीतरी बोलावंच लागायचं.

मुलाचं चष्म्यांचं दुकान होतं. आईच्या आजारपणात तो पाच वर्षांत वाळून गेला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. नर्स रोज दुपारी मशीन बंद करून त्याची जाळी धुते. त्या दिवशी धुतली, परत चालू करायला विसरली आणि निघून गेली. बाहेर जायची तिला परवानगीच नव्हती, आईला एकटं सोडायचं नाही हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

घरातलं आणखी कोण, असं सावकाशांनी विचारलं. एक बहीण आहे, तो म्हणाला. धाकटी. परदेशात, दातांच्या कवळ्या बनवतात अशा प्रयोगशाळेत नोकरीला आहे. फोन केल्याबरोबर मिळेल त्या विमानाने निघाली, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. सहा वर्षांनी या घरात पाऊल टाकलं तिने.

"सहा वर्षं का?"

मुलगा जरा वेळ चष्मा पुसत बसला. वडील गेले तेव्हा बहिणीला यायला एक दिवस लागणार होता, आणि त्याने तेवढं थांबायला नकार दिला. ती आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. वडिलांनी हॉस्पिटलात प्राण सोडला तेव्हा हा बाहेर चहा प्यायला गेला होता. दारात उभी राहून बहीण त्याला म्हणाली, मी इथे असते तर बाबांना एकटं जाऊ दिलं नसतं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले ते परवाच्या त्या फोनवर.

नर्सची गाठ तिच्या घरी पडली. तिने काही लपवलं नाही. दुपारी दोन तास ती मुलीला शाळेतून आणायला जायची. बाईंनीच तसं सांगितलं होतं, दादांना कळू देऊ नकोस म्हणून. गेल्या तीन दिवसांत तर त्या तिला अर्धा तास आधीच पिटाळत होत्या. जा गं, सावकाश ये, मी काही पळून जात नाही.

मग ती आवाज खाली आणून बोलू लागली. त्या तीन दिवसांत बाई वेगळ्याच वागत होत्या. भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इथल्या वेळेचं, एक मुलीच्या गावच्या वेळेचं. सकाळी उठल्यावर बाई आधी ते दुसरं घड्याळ बघायच्या. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते नर्सला खाली काढायला लावलं. आता याची गरज नाही, म्हणाल्या. नर्सच्या अंगावर काटा आला होता. आणि परवा, ती दार उघडत असताना, वरच्या जिन्यावर कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं तिला वाटलं. वर फक्त गच्ची आहे, गच्चीला बाराही महिने कुलूप असतं. तिची वर बघायची हिंमत झाली नाही.

सावकाश थांबून राहिले. नर्सने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"साहेब, आदल्या संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, आज धाकटी आली होती. माझ्या पायाशी बसली होती. मी म्हटलं, बाई, त्या तर समुद्रापार आहेत, तुम्हाला भास झाला असेल. तशा त्या नुसत्या हसल्या."

३

धाकटी आईच्या खोलीत बसली होती. खोली होती तशीच ठेवलेली होती, फक्त मशीनवर कोणीतरी चादर टाकली होती. ती खुर्चीतही बसली नव्हती आणि दिवाणावरही. भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

सावकाशांनी तिला अवघड काही विचारलं नाही. प्रवास कसा झाला, विचारलं. तिने चाचपडत सांगितलं. सोळा तास. विमान नेहमीप्रमाणे उत्तरेकडून, बर्फाच्या प्रदेशावरून आलं. शेजारचे सगळे पडदे ओढून झोपले होते, तिला झोप आली नाही. खाली चांदण्यात नुसता बर्फ, त्याला पडलेल्या भेगा, आणि कुठे दिवा म्हणून नाही. समोरच्या पडद्यावर अंतर कमी कमी होत होतं. बाबांच्या वेळी तोच आकडा बघत आले होते, ती म्हणाली, तेव्हा तो हलतच नव्हता.

ती खरं सांगत होती, याबद्दल सावकाशांच्या मनात शंका नव्हती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बर्फाच्या भेगा अशा सांगता येत नाहीत. ते उठले. दारापर्यंत गेल्यावर तिने मागून विचारलं, "सिस्टरना शिक्षा होईल का?"

निष्काळजीपणा ठरला तर होईल, ते म्हणाले. आईच्या मृत्यूला जबाबदार कोण हे सगळेच विचारतात. ज्या बाईला ही पुरती ओळखतही नाही तिची काळजी हिला का वाटावी, हे कोडं घेऊन ते जिना उतरले.

ठाण्यात पोचले तर बाकावर नर्स बसलेली. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर.

"लिहून घ्या साहेब," ती म्हणाली. "मशीन मीच बंद ठेवलं."

४

जाळी धुतल्यावर बटण दाबल्याचं आठवतंय का, असं सावकाशांनी तिला विचारलं. आधी आठवत होतं, ती म्हणाली. पण दादांनी इतक्यांदा विचारलं की आता आठवेनासं झालंय. झोपेत बटण दिसतं, बोट दिसतं, पण दाबलं की नाही ते दिसत नाही. एजन्सीने तिला कामावरून थांबवलं होतं. शेजाऱ्यांनी तिच्या मुलीला काहीबाही विचारलं, म्हणून मुलगी शाळेत जायला तयार नव्हती. एकदाचं हो म्हणून टाकलं तर निदान हे विचारणं तरी थांबेल.

सावकाशांनी तिला पाणी दिलं. मग विचारलं की जाताना शाल खोचलीत तेव्हा खोलीत आवाज होता का. नर्सने कपाळाला आठ्या घातल्या. बाई काहीतरी म्हणाल्या होत्या, ते तिला ऐकू आलं नव्हतं, म्हणून खाली वाकून पुन्हा विचारावं लागलं होतं. मशीनमुळे. म्हणजे मशीन चालू होतं. हे तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि ती तोंडावर हात ठेवून बसून राहिली.

तिला घरी पाठवून सावकाश चष्म्याच्या दुकानात गेले. मुलाला आणखी काही विचारायचं होतं. समोर एक म्हातारे गिऱ्हाईक चष्म्याची दांडी घट्ट करून घेत होते, आणि त्यांना जावयाबद्दल बोलायचं होतं. जावई बिचारा परवातेरवा आला तो अर्धमेला होऊन. उत्तरेकडे कुठेतरी ज्वालामुखी फुटला, आभाळात राख, तो रस्ताच बंद. चार दिवस सगळी विमानं खालून, दक्षिणेकडून, समुद्रावरून वळसा घालून आणली. मधे तेल भरायला उतरवलं ते वेगळंच. सोळा तासांचा प्रवास, चोवीस तास बसवून ठेवलं माणसाला.

कोणत्या शहरातून आले जावई, असं सावकाशांनी सहज विचारलं. म्हाताऱ्यांनी शहराचं नाव सांगितलं. काउंटरमागे मुलाचा हात थांबला. बहीण त्याच शहरात राहायची.

कोणत्या दिवशी आले, हेही सावकाशांनी विचारलं. म्हाताऱ्यांनी सांगितला तो आईच्या मृत्यूनंतरचाच दिवस होता.

त्यांनी तिथूनच विमानतळावर फोन लावला. त्या शहरातून दिवसाला एकच विमान यायचं. त्या दिवशी ते अंधार पडल्यावर उतरलं होतं. बर्फावरून त्या चार दिवसांत एकही विमान गेलं नव्हतं.

मुलगा काउंटरला धरून उभा होता. त्याला ती दुपार आठवत होती. घरात माणसं होती, दाराची बेल वाजली, आणि हातात छोटी बॅग घेऊन धाकटी उभी होती. ती दारात उभी होती तेव्हा तिचं विमान अजून समुद्रावर होतं.

५

तिघंही आईच्या खोलीत होते. सावकाशांनी धाकटीकडे पासपोर्ट मागितला. तिने तो पर्समधून काढला आणि न उघडता जमिनीवर ठेवला. त्यांनीही तो उचलला नाही.

"आम्ही उगाच भुताखेतांच्या मागे लागलो होतो," ते म्हणाले. "तुमची आई अगदी शुद्धीत होती. ती म्हणाली धाकटी आली होती, कारण तुम्ही आला होतात. घड्याळ काढायला लावलं, कारण जिच्यासाठी तिकडची वेळ बघायची ती इकडेच आली होती. नर्सला लवकर पिटाळत होती ती तुम्हाला वेळ मिळावा म्हणून. आणि गच्चीच्या जिन्यावर श्वास रोखून कोण उभं होतं, ते तुम्हीच सांगा."

मुलगा बहिणीच्या अंगावर धावून जाईल असं त्यांना वाटलं होतं. तो जागचा हलला नाही. "तू बंद केलंस मशीन?" त्याने विचारलं. आवाज इतका बारीक झाला होता की तो त्याचा वाटला नाही.

धाकटीने मान हलवली, पण हो की नाही ते कळेना. मग ती बोलू लागली.

आईने फोनवर बोलावलं होतं. ये, म्हणाली, दादा दुकानात असतो तेव्हा ये, नंतर मी त्याला समजावते, मग आपण तिघं एकत्र जेवू. म्हणून ती आली, राख उधळायच्या आधीच्या विमानाने. जवळच एका लॉजमध्ये उतरली. दोन दिवस दुपारी येऊन आईशी बोलत बसली. रात्र रात्र लॉजच्या छताकडे बघत जागी असायची, आणि दुपार झाली की डोळ्यांवर झापड यायची. इथल्या दुपारी तिकडे मध्यरात्र असते. शरीर अजून तिकडेच होतं.

तिसऱ्या दिवशी ती बोलता बोलता पेंगायला लागली. आई म्हणाली, जरा पड. ती म्हणाली, नको, या घरघरीत मला झोप नाही यायची. आणि दिवाणावर नुसतं अंग टेकलं.

"जाग आली ती शांततेने," ती म्हणाली. "किती छान शांत आहे असं वाटलं मला, दादा. आधी तसं वाटलं. अंगावर काहीतरी ऊबदार होतं. बघितलं तर आईची शाल."

सावकाशांना शाल पहिल्या दिवसापासून खुपत होती. खुर्चीपासून दिवाण सात-आठ पावलांवर होता, आणि तेवढं चालायला त्या बाईंना मधे थांबून दम घ्यावा लागायचा. त्या मशीनचं बटण दाबून उठल्या असणार. लेकीच्या अंगावर शाल घातली, परत येऊन बसल्या. थोडाच वेळ, पोरीला झोप लागू दे, मग चालू करू. मग त्यांचाही डोळा लागला. हे सगळं सावकाशांना सांगायचं होतं, पण ते धाकटीला केव्हाच कळलेलं होतं. म्हणून तर ती त्या दिवाणावर बसत नव्हती.

"मी आईला हलवलं. मशीनकडे हात नेला, आणि जिन्यावर सिस्टरची पावलं वाजली." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "मी तुला काय म्हटलं होतं बाबांच्या वेळी, ते आठवलं मला. मी असते तर. आता मी होते. तिच्या समोर होते आणि झोपले होते. तुला तोंड कसं दाखवू? म्हणून वर पळाले. तुझा फोन आला तेव्हा तीन गल्ल्या सोडून फुटपाथवर बसले होते. तू म्हणालास ये, मी म्हटलं येते. विमानतळ गाठायला लागले असते तेवढे तास आणि वर प्रवासाचे सोळा मोजले, आणि आले."

मुलाने भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली सरकत तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मग तो म्हणाला, "मी चहा प्यायला नव्हतो गेलो तेव्हा. बाहेरच्या बाकावर झोपलो होतो. तीन रात्री जागा होतो गं."

सावकाशांनी पासपोर्ट उचलून खिशात ठेवला आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. जबाब घ्यायचा होता. त्याला त्या दिवशी उशीर झाला.

६

बाईंचा मृत्यू अपघाती ठरला. मशीन त्यांनी स्वतः बंद केलं होतं, हे नर्सच्या साक्षीने आणि शालीने मान्य झालं. पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून धाकटीवर खटला झाला. तिने एकही सबब सांगितली नाही. झालेली शिक्षा तिने भोगली, आणि तोवर तिकडची नोकरी गेली होती. त्या काळात मुलगा ठरलेल्या दिवशी तिला भेटायला जायचा. सुरुवातीला पाच मिनिटांतच दोघांचं बोलणं संपायचं. नंतर पहारेकऱ्याला वेळ संपल्याचं सांगावं लागायचं.

त्याने एजन्सीत स्वतः जाऊन नर्सवरचा आरोप मागे घेतला. तिच्या घरीही गेला होता. तिने दारातूनच त्याचं ऐकून घेतलं आणि ठीक आहे म्हणाली.

सुटल्यावर तिसऱ्या दिवशी धाकटी एकटीच तिच्याकडे गेली. नर्स नुकतीच कामावरून आली होती, गणवेश अजून अंगावर होता. तिने हिला ओळखलं. आत बोलावलं नाही.

धाकटीने क्षमा मागितली. पाठ करून आणलेलं सगळं विसरली आणि साध्या दोन वाक्यांत मागितली.

"तुम्ही चार दिवस गप्प होतात," नर्स म्हणाली. "त्या चार दिवसांत माझी मला खात्री राहिली नाही. अजून घरी आल्यावर गॅस बंद केलाय का ते पाच वेळा बघते. पेशंटचं मशीन चालू करते, त्यावर हात ठेवून बसते. हे तुमच्या क्षमेने जायचं नाही."

"हो," धाकटी म्हणाली.

मग नर्सने वेगळ्याच आवाजात विचारलं, "त्या शेवटच्या दुपारी काय बोलत होत्या बाई? मी निघताना घाईत होते. त्या काहीतरी सांगत होत्या, मी वाकून ऐकलं, पण लक्षात नाही राहिलं. इतके दिवस आठवायचा प्रयत्न करते आहे."

धाकटीला ते माहीत होतं. आईने तिला हसत हसत सांगितलं होतं. सिस्टरला म्हटलं, तुझ्या लेकीला एकदा घेऊन ये इकडे, मला बघायची आहे. पण ती बिचारी घाईत हो हो म्हणून पळाली, लेकीची शाळा सुटते ना.

तिने ते सांगितलं. आईच्या शब्दांत, आईच्या लकबीत सांगितलं. नर्सने चौकटीला हात टेकवला. आतून कोणीतरी विचारलं, आई, कोण आलंय गं? नर्सने मागे वळून पाहिलं. पुढे आलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिने तिला दारापर्यंत आणलं आणि धाकटीसमोर उभं केलं.

"ही माझी लेक," ती म्हणाली. "बघा."